फियाटचं इंजिन, कुर्ल्याचा कारखाना आणि वालचंद हिराचंद

राजूर सोडून भंडारदऱ्याच्या दिशेला लागलं की पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते. बहुतेक गाड्या पांढऱ्या, बहुतेक एसयूव्ही. पण त्या रांगेत कधीतरी एखादी जुनी फियाट दिसते. चढावर रांगेत अडकून इंजिन तापलेलं, बॉनेट उघडं, रेडिएटरमधून वाफ येतेय. मालक शांतपणे बाजूला उभा. आणि भोवती आपल्यासारखी पाच-दहा पोरं मोबाईल काढून रील बनवतायत.

गंमत म्हणजे मालक लगेच पाणी ओतत नाही. वीस मिनिटं थांबतो. कारण या इंजिनाचा खालचा ब्लॉक बिडाचा म्हणजे कास्ट आयर्नचा असतो आणि वरचं हेड ॲल्युमिनियमचं. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतलं तर हेड वाकायची भीती. हेड वाकलं की मधलं गॅस्केट गेलंच म्हणून समजा. इंजिन गार झाल्यावर तो पाणी भरतो, स्टार्टर मारतो आणि गाडी निघून जाते.

आता तुमच्या पाच वर्षांपूर्वीच्या फोनची बॅटरी फुगली तर काय होतं, ते आठवा. दुकानदार फोन हातात घेऊन मान हलवतो आणि नव्या फोनचा ईएमआय सांगतो. मग पन्नास वर्षांपूर्वीची गाडी रस्त्याच्या कडेला एका पान्यावर का चालू होते? तिचे पार्ट आजही का मिळतात? त्याचं उत्तर शोधायला गेलं की आपण सोलापूरच्या एका माणसापर्यंत पोचतो. तो माणूस १९५३ मध्ये गेला, म्हणजे ही गाडी भारतात येण्याच्याही आधी.

आधी ते इंजिन बघू

इटालियन क्लासिक कार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लाल फेरारी येते. जगभरातले हौशी लोक जुन्या फेरारी, आल्फा रोमिओ, लॅन्चिया घेतात, वर्षानुवर्षं त्यावर काम करतात, कोट्यवधी रुपये घालतात. आपल्याकडे तसं करणारे फार थोडे. पण आपल्याकडच्या डुक्कर फियाटपासून प्रीमियर पद्मिनीपर्यंतच्या गाड्यांचं त्या लाल गाड्यांशी नातं आहे, आणि ते बरंच जवळचं आहे.

पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. हीच मापं फियाटच्या १९३७ च्या ५०८ सी या मॉडेलमध्ये होती. ते मॉडेल फियाटचे इंजिनिअर दान्ते जाकोसा यांच्या हातचं. १९४० मध्ये एन्झो फेरारींनी आल्फा रोमिओ सोडल्यावर स्वतःची पहिली गाडी बांधली. करारामुळे तिला स्वतःचं नाव द्यायची त्यांना बंदी होती, म्हणून नाव ठेवलं ८१५. आठ सिलिंडर, दीड लिटर. तिचं इंजिन बनवताना त्याच फियाट ५०८ सीची दोन हेड एकापुढे एक जोडली होती! म्हणजे फेरारीच्या पहिल्यावहिल्या गाडीत फियाटचा माल होता.

पुढे महायुद्ध संपल्यावर पिएरो दुसिओ नावाच्या उद्योजकाने चिसितालिया कंपनी काढली. तिची २०२ ही कूपे इतकी सुंदर होती, की न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९५१ मध्ये मोटारींचं प्रदर्शन भरवलं तेव्हा त्यात ती ठेवली. बॉडी पिनिन फारिनाची आणि इंजिन? फियाट ११००, तेच १०८९ सीसी, थोडं फिरवलेलं. १९४७ च्या मिल्ले मिल्या शर्यतीत ताझिओ नुवोलारीने चिसितालियाची उघडी स्पोर्ट्स कार चालवून दुसरा नंबर काढला, तेव्हा त्याचं वय ५४ होतं.

तर राजूरच्या रस्त्यावर वाफ सोडत उभ्या असलेल्या गाडीच्या बॉनेटखाली हे घराणं आहे. फक्त ताकद जेमतेम चाळीस हॉर्सपॉवर. आजच्या बऱ्याच हॅचबॅकमध्ये याच्या दुप्पट असते.

सोलापूर ते रेल्वेचे बोगदे

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. घर गुजराती जैन व्यापाऱ्यांचं, कापूस आणि सावकारीचा धंदा. जन्मानंतर थोड्याच दिवसांत आई गेली. शिक्षण सोलापूर, मुंबई, पुणे असं झालं, पण बी.ए. पूर्ण झालं नाही. घरच्या धंद्यात मन रमेना.

मग त्यांना लक्ष्मणराव फाटक भेटले. फाटक रेल्वेत कारकून होते, नोकरी सोडून छोटी कंत्राटं घ्यायला लागले होते. त्यांच्याकडे कामाची माहिती, वालचंदांच्या घरी भांडवल. दोघांनी भागीदारीत बार्शी लाईट रेल्वेचं काम घेतलं. आजच्या भाषेत सांगायचं तर एक टेक्निकल को-फाउंडर आणि एक फंडिंग आणणारा. फरक इतकाच की यांचं प्रॉडक्ट ॲप नव्हतं, रुळांखालची माती होती.

या कामातून मोठी कंत्राटदारी उभी राहिली. मुंबई-पुणे लोहमार्गावर बोरघाटातले बोगदे, तानसा तलावापासून मुंबईपर्यंतची पाण्याची मोठी पाइपलाइन, सिंधू आणि इरावती नद्यांवरचे पूल. पुढच्या वेळी इंद्रायणी एक्स्प्रेसने खंडाळ्याला बोगद्यात शिरलात की फोनचं नेटवर्क जाईल, तेव्हा हे आठवा.

१९१९ मध्ये त्यांनी आणखी मोठी उडी मारली. ग्वाल्हेरच्या शिंद्यांचं एक जहाज विकायला निघालं होतं. पहिल्या महायुद्धात ते इस्पितळ म्हणून वापरलेलं. वालचंद आणि नरोत्तम मोरारजी वगैरे मंडळींनी ते घेतलं आणि सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ५ एप्रिल १९१९ ला एस. एस. लॉयल्टी हे जहाज मुंबईहून लंडनला निघालं. आज ५ एप्रिल राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात तो यामुळे. समुद्रावर तेव्हा ब्रिटिश कंपन्यांची मक्तेदारी होती. त्यांनी भाडी पाडून ही कंपनी बुडवायचा प्रयत्न केला, विकत घ्यायचाही केला. कंपनी विकली गेली नाही. पण समुद्रापार जाण्याऐवजी बराच काळ किनारपट्टीवरच्या वाहतुकीवर समाधान मानावं लागलं.

साखरेचंही थोडक्यात सांगतो. इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर आणि मालेगावजवळचं रावळगाव, दोन्ही त्यांनीच उभी केली. आजोबांच्या खिशातून निघणारी रावळगावची गोळी म्हणजे याच माणसाच्या साखर कारखान्याचं जोडउत्पादन.

खोक्यातून येणारी गाडी

आता मुद्द्यावर येतो. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला कारखाना टाकला होता. फोर्डचंही काम भारतात चालायचं. मग वालचंदांना वेगळा कारखाना कशाला हवा होता?

कारण त्या कारखान्यांत गाडी बनत नव्हती, जोडली जात होती. इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल, पत्रे, सगळं परदेशातून लाकडी खोक्यांत यायचं. इथले कामगार नट आवळायचे. वाहन उद्योगात याला आजही सीकेडी म्हणतात, म्हणजे पूर्ण सुटी करून पाठवलेली गाडी. तुमच्या फोनच्या मागे भारतात बनवला असं छापलेलं असतं, पण त्यातला प्रोसेसर, मेमरी, डिस्प्लेचं पॅनेल बहुतेक वेळा बाहेरून आलेलं असतं. तोच प्रकार. जोडणीत रोजगार मिळतो, हे खरंय. पण ओतकाम, मशीनिंग, गिअरचे दाते कापणं, स्टीलला योग्य कडकपणा आणणं, ही खरी विद्या खोक्यासोबत येत नाही. आणि खोकं यायचं बंद झालं की पार्टही बंद.

भारतात पूर्ण गाडी बनवायची ही कल्पना एकट्या वालचंदांची नव्हती. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १९३० च्या दशकात अमेरिका-युरोपातले कारखाने बघून आले आणि त्यांनी मोटार कारखान्याची योजना मांडली. वालचंदांनी ती उचलून धरली. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं, बाळासाहेब खेर मुख्यमंत्री झाले, त्यांनी मदतीची तयारी दाखवली. पण दिल्लीतल्या ब्रिटिश सरकारने दाद दिली नाही. १९३९ मध्ये प्रांतातलं मंत्रिमंडळही राजीनामा देऊन गेलं.

वालचंद त्याच वर्षी थेट अमेरिकेला गेले. फोर्ड आणि जनरल मोटर्सशी बोलणी जमली नाहीत. शेवटी क्रायस्लर तयार झाली.

आणि इथे गोष्टीला भलतंच वळण लागतं. मोटारीच्या कामावरून परतताना पॅसिफिकवरच्या विमानात त्यांची विल्यम पॉली नावाच्या अमेरिकन माणसाशी गाठ पडली. पॉलींचा चीनमध्ये विमानांचा कारखाना होता. गप्पा सुरू झाल्या आणि वालचंदांच्या डोक्यात विमानाचा कारखाना शिरला. म्हैसूर संस्थानाच्या मदतीने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट सुरू झाली. हीच आजची एचएएल, तेजस बनवणारी. मोटारीच्या शोधात गेलेला माणूस विमानाचा कारखाना घेऊन आला! दुसऱ्या वर्षी, २१ जून १९४१ ला, विशाखापट्टणमला त्यांच्या जहाज कारखान्याची पायाभरणी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते झाली. १९४८ मध्ये तिथून जलउषा पाण्यात उतरलं, तेव्हा नेहरू हजर होते.

विमानाचा कारखाना सरकारने १९४२ मध्येच आपल्याकडे घेतला. जहाजाचाही पुढे सरकारकडे गेला. विमानं आणि जहाजं युद्धाला लागत होती, म्हणून त्या दोन्हींना थोडीफार वाट मिळाली. मोटारीला मात्र सरकारने युद्धासाठी गरजेचा उद्योग मानायला नकार दिला. यंत्रं मागवायची परवानगी नाही, डॉलर नाहीत. मोटारीसारखी साधी वस्तू विमानापेक्षा अवघड ठरली, हे मला या माणसाच्या आयुष्यातलं सगळ्यात विचित्र प्रकरण वाटतं.

कुर्ला

अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना झाली. कारखाना मुंबईत, कुर्ल्याला. १९४७ मध्ये तिथून पहिली वाहनं बाहेर पडली. क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ, डिसोटो या गाड्या आणि फार्गो ट्रक. सुरुवात अर्थातच खोक्यांनी झाली, दुसरा मार्गच नव्हता. पण ठरवलेलं होतं की दरवर्षी काही भाग इथे बनवायचे आणि खोकं लहान करत न्यायचं.

वालचंदांना त्यातलं फार काही बघता आलं नाही. १९४९ मध्ये पक्षाघाताचा झटका आला. १९५० मध्ये ते कामातून बाजूला झाले. मोठ्या अमेरिकन गाड्या सर्वसामान्यांना परवडणाऱ्या नव्हत्या, म्हणून कंपनीने इटलीच्या फियाटशी करार केला आणि १९५१ मध्ये छोटी फियाट ५०० जोडायला सुरुवात झाली. तेव्हा कारभार लालचंद हिराचंद आणि इतर भावांच्या हातात जात होता. त्यामुळे फियाट निवडण्याचं सगळं श्रेय वालचंदांना देणं बरोबर होणार नाही. कारखाना आणि तो चालवायचं तत्त्व मात्र त्यांचं.

१९५३ च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात फियाटने नवी ११०० दाखवली. एका महिन्याने, ८ एप्रिल १९५३ ला, गुजरातमध्ये सिद्धपूरला वालचंदांचं निधन झालं. त्यांच्या कारखान्याचं नाव ज्या गाडीशी कायमचं जोडलं गेलं, ती कुर्ल्यात १९५४ मध्ये आली. म्हणजे त्यांनी ती पाहिलीच नाही.

त्याच सुमारास स्वतंत्र भारताच्या सरकारने नियम केला की ज्यांच्याकडे इथे भाग बनवायचा कार्यक्रम आहे त्यांनीच राहायचं, नुसती जोडणी करणाऱ्यांनी निघायचं. जनरल मोटर्स आणि फोर्डने गाशा गुंडाळला. प्रीमियर टिकली, कारण तिच्याकडे दाखवायला कार्यक्रम होता. पंधरा-एक वर्षांपूर्वी ज्या हट्टाला सरकारने दारातून परत पाठवलं होतं, तोच आता सरकारी नियम झाला होता.

पहिल्या ११०० ला लोकांनी तिच्या गोलमटोल आकारावरून डुक्कर फियाट म्हटलं. तिचे पुढचे दरवाजे उलटे, म्हणजे मागच्या बाजूला बिजागरी असलेले. १९६४ मध्ये ११०० डी आली. हळूहळू ब्लॉक, हेड, गिअर, पत्रे, सगळं इथेच बनायला लागलं. इतकं की फियाटशी करार संपल्यावर गाडीचं नाव बदलावं लागलं, गाडी बदलावी लागली नाही. आधी प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी.

इथे दुसरी बाजूही सांगायला हवी. ज्या संरक्षणामुळे हा कारखाना जगला, त्याच संरक्षणाने त्याला आळशी केलं. स्पर्धा नव्हती. लोक पैसे भरून वर्षानुवर्षं गाडीची वाट बघत आणि मिळे ती १९६० च्या दशकातली गाडी. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, एसी नाही, ब्रेक देवाच्या भरवशावर. मारुती आली तेव्हा लोक तिकडे का धावले, हे समजायला पद्मिनी दहा मिनिटं चालवून बघणं पुरेसं आहे. एकविसावं शतक उजाडता उजाडता तिचं उत्पादन बंद पडलं. वालचंद असते तर इतकी वर्षं एकच मॉडेल काढत बसले असते का? मला तरी वाटत नाही. त्यांचा स्वभाव एक काम उभं राहिलं की पुढच्या कामाकडे धावायचा होता.

आज फियाट घेऊन काय करतात?

पण त्या आळसाचा एक फायदा आज हौशी लोकांना होतो. पन्नासच्या दशकापासून शतकाच्या शेवटापर्यंत मुळात तेच इंजिन बनत राहिलं. त्यामुळे पार्ट अमाप. पिस्टन, रिंगा, क्लच प्लेट, वॉटर पंप, सोलेक्स कार्बुरेटरचा किट. बरंचसं अजून मिळतं, आणि नाही मिळालं तर लेथवाला बनवून देतो. मूळ इटालियन गाडी घेतलेल्या माणसाला एका गॅस्केटसाठी युरोपातून पार्सल मागवून कस्टम ड्युटी भरावी लागते. फियाटवाला कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारात जातो. तिथून जवळच प्रीमियर रोड नावाचा रस्ता अजून आहे.

अशी गाडी कुणी स्वस्तात देत असेल तर इंजिनावर भुलू नका. इंजिन सगळ्यात सोपं. आधी खाली वाकून गाडीचा मजला आणि दरवाज्याखालचे पत्रे बघा. या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा. तो गंजला असेल तर वरून कितीही रंग मारा, उपयोग नाही, आणि डेंटिंगचा खर्च गाडीच्या किमतीच्या पुढे जातो. राजूर-भंडारदरा पट्ट्यासारख्या धो धो पावसाच्या भागात राहिलेली गाडी असेल तर हे आधी. दुसरं, जुने रबरी पाइप आणि पंपाचे पडदे बदलून घ्या. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्याने खराब होतं. तिसरं, चढावर जायच्या आधी रेडिएटर साफ करून घ्या. नाहीतर रीलमध्ये तुम्ही असाल.

कागदपत्रांचंही एक आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम काढले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपात ठेवलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये, नंबरात व्हीए ही अक्षरं येतात, मुदत दहा वर्षं. अशी गाडी रोज ऑफिसला न्यायची नाही, प्रदर्शन किंवा रॅलीपुरती.

मुंबईत पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून गेल्या, कारण टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे आणि शेवटची २००३ मध्ये नोंदवली होती. खासगी पद्मिनी मात्र अजून फिरतायत. आणि १९७४ मध्ये नोंदवलेल्या पहिल्या पद्मिनी २०२४ मध्ये पन्नाशीच्या झाल्या, म्हणजे आता त्यांनाही व्हीए नंबर मिळू शकतो.